ग्रामपंचायतीचे उत्तरदायित्व (महाराष्ट्र)

गावाच्या पैशाचा आणि कारभाराचा जाब ग्रामपंचायतीला दोन ठिकाणी द्यावा लागतो : वर पंचायत समिती, जिल्हा परिषद व शासनाला, आणि खाली गावातल्या मतदारांना, म्हणजे ग्रामसभेला. वसुली, चौकशी, पदावरून काढणे हे अधिकार जवळजवळ सगळे वरच्या बाजूला आहेत. ग्रामसभेच्या हाती मुख्यतः विचारण्याचा हक्क आहे. या व्यवस्थेचा पाया महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ हा आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने (२४ एप्रिल १९९३ पासून लागू) ग्रामसभा आणि पंचायतींचे लेखापरीक्षण या दोहोंना संविधानात जागा मिळाली.

ग्रामसभा : वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे प्रघाताने ठरून गेलेले दिवस. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभाही घ्यायची असते. कलम ८ नुसार पंचायतीने ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम, तसेच शेवटची लेखापरीक्षा टिप्पणी व तिला दिलेली उत्तरे ठेवायची असतात. त्यातली शेवटची बाब सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी वाचली जाणारी. तपासनीसाने कोणत्या कामावर बोट ठेवले आणि पंचायतीने काय सांगून ते झटकले, हे गावाला कळण्याची ती एकमेव ठरलेली जागा आहे.

सर्वसाधारण गावात कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल तितका. तो न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. अडचणीवरचा हा तोडगाच अनेक गावांत नित्याची वहिवाट झाला आहे. हजेरीसाठी घेतलेल्या सह्या आणि प्रोसिडिंग बुकात नंतर लिहिलेले ठराव ही तक्रारही जुनीच. त्यामुळे जाणते ग्रामस्थ सभेत भाषण करत बसत नाहीत. ठराव तिथेच लिहून, वाचून दाखवा, असा आग्रह धरतात.

दफ्तर व लेखापरीक्षण : पंचायतीचे खरे चित्र तिच्या दफ्तरात असते. २०११ च्या लेखासंहितेने १ ते ३३ नमुने ठरवून दिले आहेत. नमुना ५ रोकडवहीचा, ८ कर आकारणीचा, ९ मागणीचा, १० पावतीचा. गावात कोणी ‘आठचा उतारा’ म्हणतो, तो याच मालिकेतला. ग्रामसेवकाने हे दफ्तर ठेवायचे (२०२४ मध्ये ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव देण्यात आले), पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्याने तपासायचे, आणि त्यापलीकडे लेखापरीक्षण शासनाच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणेने करायचे. तिचा कायदा १९३० चा, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राहून तीस वर्षांनी वडील.

आक्षेप निघाला की पंचायतीने ‘अनुपालन’, म्हणजे त्या आक्षेपाचे उत्तर व पूर्तता, पाठवायचे. मोजमाप पुस्तिका दाखवली नाही, प्रमाणके (खर्चाची व्हाउचर) जोडली नाहीत, निविदेची पद्धत पाळली नाही, अशा स्वरूपाचे हे आक्षेप असतात. नुकसानीची जबाबदारी एखाद्यावर निश्चित झाल्यास ती रक्कम त्याच्याकडून वसूल करता येते. व्यवहारात मात्र आक्षेप निघेपर्यंत सरपंच बदललेला असतो, ग्रामसेवकाची बदली झालेली असते आणि दफ्तर नव्या माणसाकडे अर्धवट सुपूर्द झालेले असते.

केंद्रीय वित्त आयोगाचा निधी थेट गावाच्या खात्यात येऊ लागल्यावर रक्कम वाढली आणि पैसे देण्याची रीतही बदलली. धनादेशावरच्या जोडसह्यांच्या जागी सरपंच व ग्रामसेवक यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या आल्या. अशी स्वाक्षरी करण्याच्या उपकरणाला गावच्या बोलीत ‘डोंगल’ म्हणतात. सरपंचाचे डोंगल नेमके कोणाच्या खिशात असते, या एका प्रश्नावरून कारभाराचा बराच अंदाज येतो, विशेषतः राखीव जागेवर निवडून आलेल्या महिला सरपंचाच्या गावात.

पंचायती राज समिती : विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची ही समिती. ती जिल्हा दौरे करून लेखापरीक्षा अहवालांवर अधिकाऱ्यांच्या साक्षी घेते. ‘पीआरसी’ (पंचायती राज कमिटी) येणार म्हटले की शाळा, आरोग्य केंद्रे रंगतात आणि वर्षानुवर्षे पडून असलेली अनुपालने आठवड्यात तयार होतात.

पद जाण्याचे मार्ग : कलम ३९ खाली गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर सिद्ध झाल्यास विभागीय आयुक्त सरपंचाला अथवा सदस्याला काढू शकतो. अविश्वास ठराव कलम ३५ चा. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परतली. अशा सरपंचावरचा ठराव सदस्यांच्या तीन चतुर्थांश बहुमतानंतर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानालाही टाकावा लागतो. विचारण्यापलीकडचा अधिकार ग्रामसभेला मिळतो तो या मोजक्या प्रसंगी.

प्रत्यक्षात पदे अधिक जातात ती कलम १४ च्या अपात्रतेने : कराची थकबाकी, तिसरे अपत्य, सरकारी जागेवर अतिक्रमण. निर्णय जिल्हाधिकाऱ्याचा, अर्ज बहुधा पराभूत गटाचा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाचे अतिक्रमणही सदस्याला भोवते असे ठरवले. (तमिळनाडूतील उत्तिरमेरूरच्या दहाव्या शतकातील शिलालेखात हिशेब न देणाऱ्यासह त्याच्या नातलगांनाही निवडीतून वगळले होते.) भाऊबंदकीतून झालेल्या या तक्रारींना कोणी लोकशाहीचे तेज म्हणणार नाही, पण कागद बाहेर काढण्याचे काम बहुतेक वेळा त्याच करतात. २००२ चा राज्याचा आणि २००५ चा केंद्राचा माहिती अधिकार कायदा आल्यापासून हे काम एका अर्जावर होऊ लागले. ग्रामसेवक हाच माहिती अधिकारी असल्याने, ज्याच्या कारभाराबद्दल विचारायचे त्याच्याकडेच अर्ज द्यावा लागतो. पहिले अपील पंचायत समितीच्या अधिकाऱ्याकडे जाते.

अनुसूचित क्षेत्र : पेसा कायदा (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा केंद्राचा कायदा, १९९६) व राज्याचे २०१४ चे नियम यांनी आदिवासी गावांच्या ग्रामसभेला योजना मंजूर करण्याचा आणि स्वतःचा कोष ठेवण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत या कायद्याच्याही आधीपासून चालत आली आहे.