व्यायाम-सायकल, घरगुती (निवड)

घरात एका जागी उभी राहणारी, पुढे न सरकता फक्त पायडल मारून व्यायाम करण्याची सायकल. नाशिकला सायकलचे वेड जुने आहे. पहाटे गंगापूर रोड, त्र्यंबक रोडवर सायकलस्वारांच्या रांगा दिसतात, येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किमी.ची शर्यत पूर्ण केली. पण जून ते सप्टेंबरचा पाऊस, संध्याकाळची वाहतूक आणि उतारवयात डळमळणारा तोल यांमुळे अनेकांना घरातल्या सायकलचाच आधार असतो. त्यांची खरेदी फसू नये.

गिऱ्हाईक बहुधा आधी वेग-कॅलरी दाखवणारा पडदा पाहते, मग किंमत आणि शेवटी सीट. हा क्रम उलटा हवा. दुकानात जाताना व्यायामाचे बूट घालून जावे. सीटवर बसून पायडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा जेमतेम सरळ झाला, तर उंची जमली. मग चवडा पायडलवर घेतला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. सीट फार खाली असेल तर वाटीवर ताण येऊन गुडघ्याची पुढची बाजू दुखते. फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे हेलकावते. उंचीला कमी असलेल्या बायकांनी सीट सर्वांत खालच्या खाचेत घालून हे पाहावेच. काही नमुन्यांत ती खालची खाचही त्यांना उंच पडते, आणि हे घरी आल्यावर कळून उपयोग नसतो. सीट पुढे-मागे सरकते का, हेही तपासावे. कमाल वजनाचा आकडा आपल्या वजनापेक्षा पंधरा-वीस किलोंनी तरी जास्त असावा. एवढे झाल्यावर दहा मिनिटे सलग पायडल मारून पाहावे. दुकानदाराची भीड धरू नये.

प्रकार मुख्यतः तीन. उभ्या सायकलला जागा कमी लागते. पाठीला टेकू असलेली, पाय पुढे पसरून चालवायची सायकल जागा जास्त खाते. पण कंबरदुखी असलेल्यांना आणि चढता-उतरता धडपडण्याची भीती असलेल्या ज्येष्ठांना तीच योग्य. स्पिन बाइकचे चाक जड असते आणि ते बहुधा पायडलला थेट जोडलेले असते, म्हणजे पाय थांबवले तरी पायडल फिरतच राहते. रांगते मूल असलेल्या घरात ती घेऊच नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. ‘एअर बाइक’मध्ये पंखा असतो, जितका वेग, तितका हवेचा विरोध आणि तितकाच आवाज. ज्यांच्याकडे चांगली रस्त्यावरची सायकल आहे, त्यांनी मागचे चाक बसवायचा ट्रेनर घेतला तरी भागते.

पायाला लागणारा जोर वाढवण्याच्या दोन रीती आहेत. स्वस्त नमुन्यांत लोकरी नमद्याची पट्टी चाकावर घासते. ती झिजते, फरशीवर तिचा भुगा पडतो आणि पुढे ती बदलावी लागते. चुंबकीय रचनेत चुंबक चाकाला न शिवता त्याला रोखतो. धातूच्या फिरत्या चाकात भोवरप्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात आणि तेच त्याला मागे ओढतात. त्यामुळे घर्षणाचा आवाज नाही आणि झीजही नाही. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या फ्लॅटमध्ये पहाटे पाचला खालच्या मजल्यावरच्या लोकांची झोप मोडायची नसेल, तर चुंबकीय रचना, चेनऐवजी बेल्ट आणि खाली जाड रबरी चटई एवढे पैसे मोजावेत. पडद्यावरचे कॅलरींचे आकडे निव्वळ अंदाज असतात; त्यांच्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

जागा ठरवताना बाल्कनी टाळावी. पावसाचे तुषार आणि अंगाचा घाम मिळून सीटचा दांडा गंजतो, अडकतो. एका जागी बसून चालवताना समोरून वारा लागत नाही, म्हणून अंग लवकर तापते. एप्रिल-मेमध्ये पंख्याखालची जागा हवी. हृदयविकार किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे.

सायकल खोक्यातून सुटी येते आणि जोडताना सर्वाधिक चूक पायडलपाशी होते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने आवळतात. पायडलवर डावे-उजवे खूण असते ती पाहून पहिले तीन-चार फेरे हातानेच द्यावेत, पाना नंतर लावावा. जबरदस्तीने पिळले की क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसते त्या दांड्याचे, आटे जातात आणि नवा क्रँकच घ्यावा लागतो.