बोटं मोडतात तेव्हा काय मोडतं?

दृष्ट काढताना माझी आजी चेहऱ्यावरून हात फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडायची. कडाकडा वाजली की म्हणायची, "बघ, केवढी लागली होती पोराला!" लगेच पुन्हा मोडली तर एकही वाजायचं नाही. म्हणजे दृष्ट उतरली.

खरी गोष्ट त्या दुसऱ्या वेळच्या शांततेतच आहे. एकदा वाजलेलं बोट साधारण 20 मिनिटं पुन्हा वाजत नाही, दृष्ट असो वा नसो.

हाडावर हाड आपटून हा आवाज होत नाही. सांध्याभोवती बंद पिशवी असते. तिच्यात अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट द्रव आणि त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून ओढून पाहा: आधी सुटत नाहीत, मग एकदम सुटतात. सांध्यातली टोकंही अशीच झटक्यात दूर होतात. आतली जागा वाढते, द्रवाचा दाब कोसळतो आणि वायूचा बुडबुडा तयार होतो. तो वायू परत विरघळायला वेळ लागतो.

पण आवाज बुडबुडा होताना येतो की कोसळताना? 1947 साली लंडनच्या संशोधकांनी 'होताना' म्हटलं, 1971 साली लीड्सच्या गटाने 'कोसळताना'. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एमआरआय यंत्रात बोट ओढून पाहिलं, तर आवाजानंतरही बुडबुड्याची पोकळी शाबूत! मात्र ती चित्रं सेकंदाला जेमतेम तीन होती आणि आवाज त्याहून कितीतरी झटपट उरकतो. 2018 मध्ये विनीत चंद्रन सुजा आणि अब्दुल बराकत या संशोधकांनी गणिती प्रारूप मांडलं. दाब बदलताना बुडबुडा अर्धवट आक्रसला तरी तेवढा आवाज निघतो, आणि उरलेला बुडबुडा एमआरआयमध्ये दिसत राहतो. मला हे उत्तर फार आवडतं, कारण दोन्ही पक्षांची निरीक्षणं त्यात मावतात.

सलूनमध्ये मान मोडून 'मणका जागेवर बसला' म्हणतात, ते मात्र थांबवा. त्या आवाजाने काहीही जागेवर बसल्याचं सिद्ध होत नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेतून जातात. झटक्याने त्यांना इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत.

बोटं मोडून संधिवात होतो का? डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरांनी 50 वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, रोज किमान दोनदा. दोन्ही हातांत संधिवात नव्हता. एका माणसावरून काही ठरत नाही, पण अनेकांच्या तपासण्यांतही असा संबंध सापडलेला नाही.