लव्ह टोकन : आठवणीसाठी कोरलेली नाणी

चलनातल्या नाण्याची एक किंवा दोन्ही बाजू घासून सपाट करायच्या, त्या जागी नाव, आद्याक्षरे, तारीख, चित्र किंवा दोन-चार ओळी कोरायच्या आणि ते नाणे आपल्या माणसाला आठवण म्हणून द्यायचे, ही प्रथा ब्रिटनमध्ये आणि पुढे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चांगलीच रुजलेली होती. अशा नाण्याला संग्राहक ‘लव्ह टोकन’ म्हणतात. देणारे-घेणारे दर वेळी प्रियकर-प्रेयसीच असत असे नाही. मुलाने आईला, बहिणीने भावाला, मित्राने मित्राला दिलेली टोकने भरपूर सापडतात. बाळाच्या जन्माची किंवा कुणाच्या मृत्यूची तारीख जपण्यासाठीही नाणी कोरली जात.

नाणेसंग्रहाच्या नेहमीच्या हिशेबाने ही सगळी नाणी खराब झालेली ठरतात. नाणे जितके कोरे, छाप जितका उठावदार, तितका त्याला भाव; ओरखडा असला तरी किंमत उतरते. लव्ह टोकनच्या बाबतीत हा हिशेबच उलटा होतो. टांकसाळीतून एकाच ठशाची लाखो नाणी बाहेर पडतात, पण कुणीतरी घासून कोरलेले नाणे जगात एकच असते. राजाचा चेहरा पुसून तिथे एखाद्या सामान्य माणसाचे नाव येते, आणि त्या माणसाची दुसरी कोणतीही वस्तू कदाचित उरलेली नसते. या संग्रहाची ओढ मुळात इथे आहे.

वाकवलेली नाणी

कोरण्याच्या आधी नाणे वाकवण्याची रीत होती. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आजारी माणसासाठी एखाद्या संताला नवस बोलताना चांदीचे पेनी नाणे वाकवून बाजूला ठेवत. वाकवलेले नाणे त्या संताच्या नावचे झाले असे मानत. सतराव्या शतकाच्या अखेरीस हीच खूण प्रेमात आली. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या काळातली झिजून गुळगुळीत झालेली चांदीची सहा पेन्सची नाणी दोनदा उलटसुलट वाकवलेली आढळतात. बाजूने पाहिले तर नाणे लाटेसारखे दिसते. वाकवलेले नाणे चुकून खर्चात जात नाही, आणि सहा पेन्स ही त्या काळी गरिबाला परवडणारी पण जाणवणारी रक्कम होती, म्हणून ही खूण मनावर घेतली जाई.

इंग्लंडच्या शेतांमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना ही नाणी अजूनही सापडतात. नाकारलेल्या प्रेमामुळे ती रागाने फेकून दिली गेली, अशी कथा विक्रेते आवडीने सांगतात. खिशातून पडून हरवणे ही त्याहून साधी शक्यता आहे आणि बहुतेक नाण्यांचे तेच झाले असावे.

कोरण्याच्या पद्धती

नाणे आधी कानस, दगड किंवा वाळूवर घासले जाई. सफाईदार काम हवे असेल तर सराफाकडे. त्यानंतर कोरण्याच्या मुख्यतः दोन पद्धती होत्या. पहिलीत टोकदार खिळ्याने किंवा सुईने ठोकत ठोकत टिंबांच्या ओळीने अक्षरे उमटवत. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात पितळी डब्यावर किंवा स्टीलच्या तांब्यावर नाव घालतात, अगदी तसेच हे काम. दुसरीत धारदार कोरणीने धातूचा बारीक पापुद्रा काढत सलग रेषा काढत. हे शिकलेल्या हाताचे काम. अमेरिकेत सराफांनी याच्या पुढे जाऊन गुंफलेल्या आद्याक्षरांभोवतीचा धातू करवतीने कापून जाळीकाम केले, काही नाण्यांवर मीना चढवला.

बहुतेकदा एक बाजू मूळ स्वरूपात राखलेली असते. त्यामुळे नाणे कोणत्या राजवटीतले आणि कोणत्या साली पाडलेले हे कळते. कोरीव काम त्यानंतरचेच असायला हवे, हे संग्राहकाचे पहिले गणित.

टाकलेल्या मुलांच्या खुणा

थॉमस कोरम या निवृत्त जहाज कप्तानाने अनेक वर्षे खटपट करून १७३९ मध्ये राजाची सनद मिळवली आणि लंडनचे फाउंडलिंग हॉस्पिटल, म्हणजे टाकलेल्या मुलांचा आश्रम, उभे राहिले. १७४१ पासून तिथे सांभाळता न येणारी तान्ही बाळे घेतली जाऊ लागली. बाळाचे नाव बदलले जाई, म्हणून पुढे कधी परिस्थिती सुधारून आई परत आली तर ओळख पटावी यासाठी बाळासोबत एखादी खूण ठेवत. बहुतेक खुणा कापडाचे तुकडे होत्या. पण काही आयांनी नाणी ठेवली: मध्ये भोक पाडलेली, अर्धी कापलेली किंवा गुळगुळीत करून बाळाचे नाव आणि जन्मतारीख कोरलेली. १७४१ ते १७६० या काळात १६,२८२ मुले दाखल झाली. त्यांतली फक्त १५२ परत नेली गेली.

एकोणिसाव्या शतकात संस्थेच्या लोकांनी काही खुणा कागदपत्रांतून काढून प्रदर्शनात मांडल्या आणि कोणती खूण कोणत्या मुलाची हा धागाच तुटला. पुढच्या अभ्यासकांनी जुन्या नोंदवह्यांतली वर्णने ताडून त्यांतल्या कित्येक पुन्हा जुळवल्या. आज त्या लंडनच्या फाउंडलिंग म्युझियममध्ये पाहता येतात. त्या काचेपुढे उभे राहिल्यावर, अशा नाण्याला त्याच्या कागदापासून कधीही वेगळे करू नये, हे कुणी वेगळे सांगावे लागत नाही.

कैद्यांची टोकने

या सगळ्या प्रकारात सर्वांत भारी, माझ्या मते, ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या कैद्यांची टोकने. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटनने सुमारे १,६०,००० स्त्री-पुरुषांना जहाजात घालून तिकडे धाडले. मराठी वाचकाला काळ्या पाण्याची शिक्षा म्हटले की जे आठवते, त्याच जातीची ही शिक्षा होती. गुन्हा पुष्कळदा कापड, मेंढी, घड्याळ किंवा रुमालाची चोरी; शिक्षा सात वर्षे, चौदा वर्षे किंवा जन्मठेप. सात वर्षांची शिक्षा संपली तरी परतीचे भाडे स्वतः भरावे लागे, म्हणून निरोप बहुधा कायमचा असे.

निकाल लागल्यावर जहाज सुटेपर्यंत कैदी आठवडे किंवा महिने तुरुंगात, नाहीतर टेम्स नदीत, पोर्ट्समथला वा प्लिमथला नांगरून ठेवलेल्या जुन्या जहाजांच्या बंदिशाळेत काढत. याच काळात ही टोकने तयार होत. त्यासाठी तांब्याचे पेनी नाणे सोयीचे होते. १७९७ मध्ये मॅथ्यू बोल्टनने बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडलेले पेनी नाणे जवळपास ३६ मिलिमीटर रुंद आणि एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम वजनाचे होते. त्याचा काठ इतका जाड आणि रुंद की लोक त्याला गाडीचे चाक म्हणत. राजा तिसऱ्या जॉर्जचा चेहरा आणि ब्रिटनचे प्रतीक असलेल्या ब्रिटानिया देवीची आकृती घासून काढली की मजकुराला भरपूर जागा मिळे.

असे एक टोकन हातात घेऊन भिंगाखाली तिरक्या उजेडात धरले तर पुष्कळ काही दिसते. काठाजवळ, जिथे कानस नीट पोचली नाही, तिथे मूळ अक्षरांचे तळ अंधुक उरलेले असतात. मधोमध कैद्याचे नाव, वय, शिक्षेचा काळ. अक्षरांचा आकार सुरुवातीला मोठा आणि ओळीच्या शेवटी जागा संपत आल्यामुळे दाटीवाटीचा. उलट बाजूला बाण लागलेले हृदय, कबुतरांची जोडी, आशेचे चिन्ह म्हणून नांगर, कधी पायात बेड्या घातलेला माणूस. भोवती ठरावीक ओळी: हे पाहशील तेव्हा माझी आठवण ठेव, जग काहीही म्हणो, मला तू जसे जाणलेस तसेच बोल. या ओळी कैद्याच्या स्वतःच्या नसत. त्या लोकांच्या तोंडी आधीपासून होत्या आणि रुमालांवर, कपबशांवरही येत. पण आपल्याला हवे ते आधीच कुणीतरी म्हणून ठेवलेले असले तर ते उसने घेण्यात खोटेपणा काहीच नाही.

कोरणारे हात बहुधा कैद्यांतलेच असत. त्यांच्यात खोटी नाणी पाडणारे, कोरीव काम जाणणारे होतेच. १७८७ मध्ये निघालेल्या कैद्यांच्या जहाजांच्या पहिल्या ताफ्यातला थॉमस बॅरेट हा कैदी यातला सर्वांत ठळक. प्रवासात ब्राझीलमधल्या रिओला जहाज थांबले असताना त्याने बकले आणि चमचे वितळवून खोटी नाणी पाडल्याचे जहाजाचा शल्यवैद्य जॉन व्हाइट याने लिहून ठेवले आहे. पुढे ऑस्ट्रेलियातल्या बॉटनी बे येथे पोचल्यावर बॅरेटने चांदीच्या चकतीवर ‘शार्लट’ हे आपले जहाज आणि त्या प्रवासाची हकिगत कोरली. ते ‘शार्लट पदक’ आज सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. थोड्याच दिवसांत, २७ फेब्रुवारी १७८८ रोजी, कोठारातले अन्न चोरल्याबद्दल त्याला फाशी झाली. त्या वसाहतीतली ही पहिली फाशी. पदक हे काटेकोरपणे लव्ह टोकन नव्हे, पण कैद्यांच्या कोरीव कामाचा विषय त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

कॅनबेराच्या नॅशनल म्युझियम ऑफ ऑस्ट्रेलियाकडे अशी तीनशेहून अधिक टोकने आहेत. हा जगातला सर्वांत मोठा संग्रह. त्यांतली बरीच १८२० आणि १८३० च्या दशकांतली. टोकने कैद्यांनी मागे ठेवली, म्हणून त्यांचा मोठा भाग ब्रिटनमध्येच जमला आणि तिथून पुढे ऑस्ट्रेलियात आला. ज्यांनी ती कोरली ते आधी गेले, नाणी दीडशे-दोनशे वर्षांनी मागून पोचली. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे खटल्यांचे वृत्तांत आता कुणालाही मोफत वाचता येतात. नाव आणि साल जुळले की गुन्हा काय, साक्ष कुणी दिली आणि शिक्षा किती, हे कळू शकते. चार शब्दांच्या नाण्यामागे अख्खा माणूस उभा करता येतो, हे समाधान दुसऱ्या कुठल्या नाण्यात क्वचितच मिळते.

अमेरिकेतली लाट

अमेरिकेत ही हौस यादवी युद्धानंतर, १८७० आणि १८८० च्या दशकांत भरात आली. बसलेल्या स्वातंत्र्यदेवतेचे चित्र असलेले चांदीचे दहा सेंटचे नाणे, म्हणजे डाइम, सर्वांत जास्त वापरले गेले. जेमतेम १८ मिलिमीटरच्या या नाण्याची मागची बाजू घासून त्यावर वळणदार आद्याक्षरे कोरत. नातेवाइकांकडून आणि मैत्रिणींकडून एकेक नाणे जमवून मुली त्यांची बांगडी करून घेत. पिना आणि कफलिंकही झाल्या. कारागिरी देखणी आहे, पण नुसत्या आद्याक्षरांवरून माणूस शोधणे जवळपास अशक्य, म्हणून मला ही टोकने दागिन्याच्या बाजूला झुकलेली वाटतात. १९१३ पासूनच्या पाच सेंटच्या नाण्यावरचा चेहरा बदलून केलेली ‘होबो निकल’ ही वेगळी लोककला. तिला या प्रकारात धरत नाहीत.

संग्रह आणि पारख

चित्र असलेल्या टोकनाला नुसत्या आद्याक्षरांपेक्षा मागणी जास्त. पूर्ण नाव, गाव आणि तारीख असेल तर आणखी. कैद्यांच्या टोकनांच्या किमती चढल्या तशी नवी बनावट टोकनेही बाजारात आली. खऱ्या जुन्या नाण्यावर आज मजकूर कोरणे सोपे आहे, त्यामुळे मूळ नाणे खरे असणे हा पुरावा धरता येत नाही. पाहायचे ते रेषांच्या तळाशी. जुन्या कामात खाचेतला काळपटपणा आणि भोवतालच्या पृष्ठभागाचा रंग एकमेकांत मिसळलेला असतो, आणि रेषांच्या कडा खिशात, बोटांत घासून बोथट झालेल्या असतात. पृष्ठभाग झिजलेला आणि अक्षरे मात्र बोचतील इतकी तीक्ष्ण, असे दिसले तर ते नाणे घेऊ नये. घासूनपुसून चकचकीत केलेले टोकनही टाळावे, कारण त्याबरोबर हा पुरावाच निघून जातो.

आपल्याकडे नाणी अंगावर घालण्याची रीत जुनी आहे. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरच्या उभ्या आकृत्यांवरून पुतळ्यांच्या माळेला नाव मिळाले, आणि व्हिक्टोरियाच्या चांदीच्या रुपयांना कडी लावून ते गळ्यात घातले गेले. या नाण्यांवर बहुधा मजकूर नसतो, म्हणून त्यांना लव्ह टोकन म्हणता येत नाही. प्रदर्शनांतले विक्रेते कडीच्या रुपयाचा भाव पाडून सांगतात. काहीजण विकण्यापूर्वी कडी तोडून तिच्या जोडाचा डाग घासून काढतात. तसे करू नये. ती कडी कुणीतरी सोनाराकडे बसून लावून घेतलेली असते.