गवताच्या चराला किती गुण?

उत्तर आले 0.65. हवे होते 0.70.

इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाच्या पार्किंगचा पावसाळी निचरा आम्ही पुण्यात बसून आखत होतो. पुण्यातल्या बऱ्याच डिझाइन ऑफिसांत ब्रिटनची अशी कामे रोज चालतात. पार्किंगच्या कडेने गवताचा उतरता पट्टा, पट्ट्याच्या पायथ्याशी गवताने भरलेला रुंद, उथळ चर, आणि चराच्या शेवटी ओढा. पाणी किती येईल, किती वेळात निघून जाईल, हा सगळा हिशेब बसला होता. अडले ते पाण्याच्या स्वच्छतेपाशी. पाण्याच्या स्वच्छतेला गुण देणाऱ्या तक्त्यात, गाळाच्या रकान्यात 0.05 कमी पडत होते.

पावसाचे पाणी आकाशातून पडताना बऱ्यापैकी स्वच्छ असते. ते घाण होते जमिनीला टेकल्यावर. गाडीचा टायर झिजतो म्हणजे त्याची भुकटी रस्त्यावरच राहते. रबर पक्के करायला त्यात जस्ताचे ऑक्साइड घातलेले असते, ते भुकटीबरोबर उतरते. ब्रेकच्या पॅडमधून तांबे येते, इंजिनाखालून तेल ठिबकते, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरून आणखी जस्त. कोरडे दिवस जातील तसा हा थर साचत जातो आणि पाऊस आला की पहिल्या काही मिनिटांत बराचसा धुऊन निघतो. मग तो जातो कुठे? अनेकांना वाटते की रस्त्याकडेच्या जाळीत गेलेले पाणी कुठल्यातरी शुद्धीकरण केंद्रात जात असेल. जिथे पावसाळी वाहिनी आणि मैलापाण्याची ड्रेनेज लाइन वेगळी आहे, तिथे तसे होत नाही. पावसाळी वाहिनीचे तोंड थेट ओढ्यात, नाल्यात किंवा नदीत उघडते. ब्रिटनच्या नव्या वसाहतींत तसेच आहे आणि आपल्याकडेही तसेच आहे.

म्हणून हे पाणी पाइपात शिरण्याआधीच, किंवा पाइपाऐवजी, माती आणि गवतातून फिरवायचे. ब्रिटनमध्ये या सगळ्या पद्धतींना मिळून ‘सड्स’ म्हणतात. वेल्समध्ये 7 जानेवारी 2019 पासून एकाहून अधिक घरांच्या किंवा 100 चौरस मीटरच्या वरच्या नव्या बांधकामांना ते सक्तीचे आहे. पाणलोटाची कामे पाहिलेल्या मराठी माणसाला चर काही नवा नाही. डोंगरउतारावर आपण चर खणतो ते पाणी अडवून जिरवायला. शहरातल्या चराला त्याच्या जोडीला आणखी एक काम असते. पाण्याने आणलेला माल त्याने उतरवून घ्यायचा असतो.

तो कसा उतरतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. पाइपातले पाणी धावत सुटते, गवतात शिरलेले अडखळते. अडखळले की गाळ खाली बसू लागतो, पण सगळा सारखा बसत नाही. स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1851 मध्ये मांडलेल्या नियमानुसार कणाचा व्यास दहापट कमी झाला की त्याचा बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. 100 मायक्रॉनचा, म्हणजे एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण 10 सेंटिमीटर खाली जायला जेमतेम 15 सेकंद घेतो. 10 मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतराला 20 मिनिटांच्या आसपास लागतात. आणि 1 मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला 30 तास.

आता चराची अट पाहा. वर्षातून साधारण एकदा येते अशा 15 मिनिटांच्या सरीत चरातले पाणी 10 सेंटिमीटरच्या वर चढू नये, सेकंदाला 0.3 मीटरपेक्षा जोरात वाहू नये, आणि ते चरात निदान 9 मिनिटे रेंगाळावे. 10 सेंटिमीटर आणि 9 मिनिटे हे स्टोक्सच्या नियमात घातले की कळते, साधारण 15 मायक्रॉनपर्यंतचे कण या चरात बसतील. त्याहून बारीक कण नुसत्या बसण्याच्या भरवशावर राहिले तर ओढ्यात जाणार. काही गवताच्या पात्यांना चिकटतील, काही जमिनीत मुरणाऱ्या पाण्याबरोबर अडकतील, ही जमेची बाजू. पण धातूंना नेमके बारीक कणच आवडतात, कारण वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा. शिवाय जस्ताचा आणि तांब्याचा काही भाग पाण्यात विरघळलेला असतो. तो बसणार कसा? त्याला माती लागते. मातीतली चिकण आणि कुजलेला पाला धातूंचे आयन धरून ठेवतात. तेलाचा समाचार जिवाणू घेतात. पाणी झिरपू देणाऱ्या पेव्हर ब्लॉकखालच्या खडीत हे जिवाणू वस्ती करून तेल खातात, हे कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या संशोधकांनी बारकाईने अभ्यासले आहे.

एवढी गुंतागुंत प्रत्येक पार्किंगसाठी कोण सोडवणार? प्रयोगशाळा नाही, पाण्याचे नमुने नाहीत, कारण पार्किंगच अजून बांधलेले नाही. म्हणून सिरिया या ब्रिटिश संस्थेने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सड्स मॅन्युअल’मध्ये एक सोपी रीत दिली आहे. दोन तक्ते. पहिल्यात जागेचा धोका, दुसऱ्यात उपायाची ताकद, आणि ताकद निदान धोक्याइतकी भरली तर पास. दोन्हींत तीनच रकाने: गाळ, धातू आणि हायड्रोकार्बन, म्हणजे तेल-इंधनाचे अंश. घराच्या छताचा गाळाचा धोका 0.2. दिवसाला 300 पेक्षा कमी गाड्यांची ये-जा असलेल्या गल्लीचा 0.5. रुग्णालयाच्या किंवा दुकानांच्या पार्किंगमध्ये गाड्या सारख्या बदलतात, म्हणून तिथे गाळ 0.7, धातू 0.6, हायड्रोकार्बन 0.7. महामार्ग आणि ट्रकतळ यांचे आकडे याहून वर, आणि त्यांच्यासाठी नुसता तक्ता पुरत नाही, वेगळा तपशीलवार अभ्यास करावा लागतो.

दुसऱ्या तक्त्यात गवताच्या पट्ट्याला गाळासाठी 0.4, चराला 0.5, तळ्याला 0.7. वाळूमिश्रित मातीत झाडे लावून पाणी गाळणाऱ्या वाफ्याला, ज्याला आपल्याकडे रेन गार्डन म्हणू लागले आहेत, तिन्ही रकान्यांत 0.8. एकामागोमाग एक उपाय केले तर पहिल्याचे गुण पूर्ण, पुढच्यांचे निम्मे. कारण पहिल्याने सोपा गाळ आधीच उचललेला असतो, दुसऱ्याच्या वाट्याला येतो तो हट्टी बारीक कण. मला या तक्त्यातली ही सर्वात समंजस ओळ वाटते.

आमचा हिशेब असा झाला: पट्ट्याचे 0.4, अधिक चराच्या 0.5 चे निम्मे, एकूण 0.65. धातू आणि हायड्रोकार्बन पास, गाळ नापास.

माझी एक तरुण सहकारी थोडा वेळ आकड्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, “सर, चर आधी लिहिला आणि पट्टा नंतर, तर बसतंय.” खरेच बसत होते. 0.5 अधिक 0.4 चे निम्मे, बरोबर 0.70. गवत तेच, माती तीच, पाणी तेच, फक्त ओळींची अदलाबदल. तिने ते लबाडी म्हणून सुचवले नव्हते, तिला कोडे पडले होते. पण जागेवर तो क्रम चालत नाही. गवताच्या पट्ट्यावर पाणी ओल्या फडक्यासारखे सर्व रुंदीवर पातळ पसरून यावे लागते. चरातून बाहेर पडणारे पाणी एका जागी गोळा झालेले असते. ते पट्ट्यावर सोडले तर एक घळ पाडून निघून जाईल, बाकीचा पट्टा कोरडाच राहील. कागदावर ही चूक कुणाच्या लक्षात आली नसती.

शेवटी ओढ्याआधीच्या कोपऱ्यात एक उथळ खळगा घेतला. एरवी कोरडा, पावसात भरणारा आणि सावकाश रिकामा होणारा. त्याचे 0.5, निम्मे 0.25, एकूण 0.90. चार गाड्यांची जागा गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 0.7 म्हणजे 70 टक्के घाण निघते असे नव्हे. हे आकडे मोजमापांच्या आधाराने ठरवलेली प्रतवारी आहे, पाण्याची चाचणी नव्हे. टक्क्यांत बोलणे तर आणखी फसवे. समजा एका तळ्यात लिटरमागे 200 मिलिग्रॅम गाळ असलेले पाणी आले आणि 40 मिलिग्रॅमचे बाहेर गेले: 80 टक्के शुद्धी. दुसऱ्यात 30 चे आले, 20 चे गेले: 33 टक्के. टक्क्यांत पहिले तळे जिंकते, पण माशांना राहायला दुसऱ्याखालचा ओढा बरा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत 80 टक्क्यांची अट वर्षानुवर्षे आहे, आणि अशा उपायांच्या प्रत्यक्ष नोंदी 1996 पासून गोळा करणाऱ्या तिथल्या आंतरराष्ट्रीय माहितीकोशाचे जाणकार मात्र बजावतात, की किती काढले ते मोजू नका, बाहेर पडते ते पाणी कसे आहे ते मोजा.

बाहेर पडणारे पाणी कसे आहे, याचा सर्वात कडक परीक्षक मला माहीत आहे तो सिएटलच्या ओढ्यांतला कोहो सॅमन मासा. समुद्रात वाढलेला हा मासा शरद ऋतूत अंडी घालायला गोड्या पाण्यात परत येतो. सिएटलच्या शहरी ओढ्यांत पावसानंतर हे मासे तडफडताना दिसत, तोंड वासून पृष्ठभागाशी गोल फिरत, आणि काही तासांत मरत. माद्यांच्या पोटात अंडी तशीच. संशोधकांनी साहजिकच संशयितांची यादी काढली: धातू आणि हायड्रोकार्बन. प्रयोगशाळेत या दोहोंचे मिश्रण करून त्यात मासे सोडले. मासे जगले. मग महामार्गावरून वाहून आलेले खरे पाणी आणले. त्यात मासे मेले. तेच पाणी वाळू, कंपोस्ट आणि झाडाच्या सालीच्या भुग्याच्या थरातून गाळून पुन्हा मासे सोडले. सगळे जगले. 2015 च्या सुमारास हे निकाल आले, तेव्हा मारेकरी कोण ते कुणालाच ठाऊक नव्हते. मातीने मात्र त्याला पकडले होते.

तो सापडला 2020 च्या डिसेंबरात. टायरचे रबर ओझोनने तडकू नये म्हणून त्यात 6पीपीडी नावाचे रसायन घालतात. ओझोनशी त्याचा संयोग झाला की 6पीपीडी-क्विनोन तयार होते. लिटरमागे 1 मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी पुरते, कोहो मरतो. त्याच पाण्यात त्याचा चुलतभाऊ चम सॅमन खुशाल पोहत राहतो.

आमच्या तक्त्यात या रसायनाला रकाना नाही. मला या प्रयोगाने अस्वस्थही केले आणि धीरही दिला. तीन रकाने भरले म्हणजे पाणी सुरक्षित झाले, असे म्हणता येत नाही. पण वाफ्याला तळ्यापेक्षा जास्त गुण देणारा तक्ता दिशा चुकलेला नाही, कारण मातीतून गाळलेले पाणी रकान्यांपलीकडचेही बरेच काही मागे ठेवून येते. म्हणून दोन उपाय गुणांत सारखे पडले आणि एकात पाणी मातीतून झिरपणार असेल, तर मी तोच घेतो.

रकान्यांबाहेर आणखीही बरेच आहे: मैल्यातले जिवाणू, नायट्रोजन, हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेले मीठ. त्यात विरघळलेल्या मिठापुढे गवत आणि माती दोन्ही हतबल. आपल्याकडे हा तक्ता जसाच्या तसा उचलण्यात हीच मोठी अडचण आहे. आपल्या पावसाळी वाहिन्यांत अनेक ठिकाणी मैलापाणी मिसळलेले असते, आणि मैलापाण्यासाठी चराला गुण देण्यात अर्थ नाही. आधी जोडण्या सुधाराव्या लागतात. पाऊसही वेगळा. बहुतेक सरींचे पहिले 5 मिलिमीटर पाणी जागेवरच मुरावे असे ब्रिटिश मॅन्युअल म्हणते. वर्षभर रिमझिम पडणाऱ्या मुलखात त्याने बरेच काम होते. पुण्यात आठ महिन्यांची धूळ आणि टायरची भुकटी साचून राहते आणि वळवाची एक सर ती तासाभरात धुऊन नेते. चर आपल्याकडेही चालेल, पण त्याची लांबी-रुंदी इथल्या सरी मोजून ठरवावी लागेल.

आता राहिला गाळ, जो चराने खरोखरच पकडला. तो नाहीसा झालेला नाही, जागेवर साचला आहे. गवताचा पट्टा चांगले काम करतो तेव्हा सर्वाधिक गाळ पहिल्या वीतभरातच, डांबराच्या अगदी कडेला बसतो. गवत त्यातून वर येते, त्यावर आणखी गाळ बसतो, आणि काही वर्षांत तिथे एक बारीकसा बांध उभा राहतो. दिसायला काहीच नाही, दोन बोटे उंच हिरवी कड. पण मग पाणी पट्ट्यावर उतरत नाही. बांधाच्या कडेकडेने वाहत सखल कोपरा गाठते आणि तिथून एका धारेने चरात कोसळते. पट्ट्याचे 0.4 तिथे संपले.

म्हणून पट्टा नवा असताना त्याची माती डांबराच्या कडेपेक्षा 50 मिलिमीटर खाली ठेवायची असते, येणाऱ्या गाळाला जागा म्हणून. बांधकामावरचा माणूस पाहील तर त्याला ती कडेची पायरी चुकीची वाटेल आणि तो माती भरून पातळी सारखी करून टाकेल. हे होताना मी पाहिले आहे. त्यामुळे त्या पार्किंगच्या शेवटच्या नकाशावर माझ्या सहकारीने कडेचा छेद मोठा करून वेगळा काढला, 50 चा आकडा ठळक केला आणि खाली लिहिले: ही पायरी मुद्दाम ठेवली आहे, माती भरू नये.