वापरलेल्या वैद्यकीय साधनांची परतपाठवणी

रुग्णाने घरी किंवा अंगावर वापरलेले वैद्यकीय साधन तपासणी, दुरुस्ती किंवा बदलीसाठी, किंवा कंपनीने सदोष ठरवून परत मागवले म्हणून, उत्पादकाकडे पाठवताना त्याचे वेष्टन, खुणा आणि वाहतूक यांबाबत जे नियम पाळावे लागतात त्यांची ही नोंद. इन्सुलिन पंप, इन्सुलिन पेन, ग्लुकोमीटर, त्वचेवर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर, नेब्युलायझर, झोपेत श्वासाला आधार देणारे सीपॅप यंत्र व त्याचा मास्क, श्रवणयंत्र, कॅथेटर ही त्यांतली नेहमीची साधने. न उघडलेल्या मालाची परतफेड हा निव्वळ व्यापाराचा भाग आहे. तो येथे घेतलेला नाही.

असे साधन एकाच वेळी संसर्गाचा संभाव्य स्रोत असते आणि पुरावाही असते. हेपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा किमान ७ दिवस संसर्गक्षम राहू शकतो. पार्सल उचलणारा, त्याची वर्गवारी करणारा आणि शेवटी ते उघडणारा, यांतल्या कोणालाही आत काय आहे हे दिसत नाही. दुसरीकडे, बिघाडाचे कारण बहुधा त्या डागांत आणि साक्यातच दडलेले असते. पंपाची नळी तुंबली ती आत इन्सुलिन साकळले म्हणून, टोकाशी रक्त गोठले म्हणून, की नळी घडवतानाच अरुंद राहिली म्हणून, हे त्या नळीत उरलेल्या कणांवरून कळते. रुग्णाने चांगल्या हेतूने ती गरम पाण्याने धुतली की उत्तर मोरीतून वाहून जाते. म्हणून साधनाला हात लावण्याआधी उत्पादकाच्या तक्रार विभागाशी बोलावे, आणि धुवायचे की जसेच्या तसे पाठवायचे हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. स्वच्छतेची सवय हाडीमाशी भिनलेल्या माणसाला न धुता पाठवणे अवघड वाटते. पण बिघाडाच्या तपासणीत न धुतलेले साधनच बोलते.

नियमांचा पाया संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वाहतुकीसंबंधीच्या नमुना नियमावलीत आहे. हवाई वाहतुकीसाठी आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तांत्रिक सूचना व आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेची नियमपुस्तिका, समुद्रासाठी आयएमडीजी संहिता आणि युरोपातील रस्त्यांसाठी एडीआर करार तिच्यावरच उभे आहेत. या पद्धतीत संसर्गजन्य पदार्थ ६.२ या विभागात येतात. निरोगी माणसाला कायमचे अपंगत्व, जीवघेणा आजार किंवा मृत्यू आणू शकणारे पदार्थ ‘अ’ प्रवर्गात (माणसासाठी यूएन २८१४; ‘यूएन’ म्हणजे धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांनी दिलेला क्रमांक), बाकीचे ‘ब’ प्रवर्गात (यूएन ३३७३). इबोला विषाणू कोणत्याही स्वरूपात असला तरी ‘अ’ मध्ये मोडतो. एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी चे विषाणू मात्र प्रयोगशाळेत वाढवलेल्या संवर्धनापुरतेच. त्यामुळे घरगुती साधनावरचा रक्ताचा डाग सहसा ‘अ’ मध्ये जात नाही.

निर्जंतुकीकरण, सफाई, दुरुस्ती किंवा तपासणीसाठी पाठवलेल्या वापरलेल्या साधनांना ही नियमावली मोठी सवलत देते. नेहमीच्या प्रवासात फुटणार नाही, भोसकले जाणार नाही, गळणार नाही असे वेष्टन असेल आणि १.२ मीटरवरून पडले तरी साधन आतच राहत असेल, तर संसर्गजन्य पदार्थांचे बाकीचे नियम लागू होत नाहीत. बाहेरच्या खोक्यावर ‘यूज्ड मेडिकल डिव्हाइस’ किंवा ‘यूज्ड मेडिकल इक्विपमेंट’ हे शब्द हवेत. असे खोके आणखी एका मोठ्या वेष्टनात घातले आणि शब्द झाकले गेले, तर त्या वेष्टनावरही ते लिहावे लागतात. ही सवलत तीन ठिकाणी संपते: वैद्यकीय कचरा, ‘अ’ प्रवर्गातील जंतूंनी दूषित साधन, आणि दुसऱ्या एखाद्या धोकादायक वर्गात बसणारा पदार्थ असलेले साधन.

कचरा कोणता आणि परतीचा माल कोणता हे वस्तूकडे पाहून ठरत नाही, पाठवण्याच्या हेतूवरून ठरते. वापरलेली सुई नष्ट करण्यासाठी निघाली तर तो यूएन ३२९१ खालचा वैद्यकीय कचरा. तीच सुई वाकडी निघाली म्हणून उत्पादकाने तपासायला मागितली तर ते वापरलेले साधन. यामुळेच घरात साठलेल्या सगळ्या सुया एका डब्यात भरून कंपनीच्या पत्त्यावर धाडणे चुकीचे आहे. मागितलेला नमुना तेवढाच जातो.

अमेरिकेच्या संघीय नियमसंहितेचे ४९ वे शीर्षक याच विषयावर अधिक बारकाईने बोलते आणि ते मुद्दाम वाचण्याजोगे आहे. साधनातील मोकळा द्रव शक्य तितका काढून टाकायचा. मग ते जलरोधक आतल्या डब्यात ठेवायचे. वस्तू टोचणारी किंवा कापणारी असेल तर तो डबा आरपार भोसकला जाऊ नये इतका टणक हवा. हा डबा दुसऱ्या जलरोधक आवरणात, आणि ते आवरण हलणार नाही अशी भर घालून बाहेरच्या खोक्यात. जैवधोक्याची नारिंगी खूण आतल्या डब्यावर आणि दुसऱ्या आवरणावर लावायची. दुसरे आवरण आणि बाहेरचा खोका यांच्यामध्ये एक कागद ठेवायचा: आत कोणत्या वस्तू आहेत, त्या कशाने दूषित असू शकतात आणि दूषित भाग साधनावर नेमका कुठे आहे. ‘सेन्सरच्या खालच्या बाजूला, तंतूच्या बुडाशी सुकलेले रक्त’ एवढी एक ओळ असली, तरी खोका उघडणाऱ्याला हातमोजा घातलेले बोट कुठे ठेवायचे नाही हे कळते. सगळ्या नियमांत माणसाची सर्वांत जास्त काळजी याच कागदात आहे, आणि घाईत नेमका तोच राहून जातो.

खुणांबाबत गोंधळ फार होतो. यूएन ३३७३ लिहिलेली हिऱ्याच्या आकाराची खूण तपासणीसाठी जाणाऱ्या ‘ब’ प्रवर्गातील नमुन्यांची आहे. सवलतीत बसणाऱ्या साधनावर सावधगिरी म्हणून ती चिकटवली, तर वाहतूकदार त्या प्रवर्गाच्या तीन थरांच्या वेष्टनाची अपेक्षा धरतो आणि पार्सल अडकते. जुना खोका वापरल्यास त्यावरची आधीची लेबले काढावीत किंवा पूर्ण झाकावीत.

प्रत्यक्षात परतीची पार्सले जंतूंपेक्षा बॅटरीमुळे जास्त गुंतागुंतीची होतात. बरेच पंप, काही ग्लुकोमीटर आणि अनेक नवी श्रवणयंत्रे लिथियम बॅटरीवर चालतात. साधनात बसवलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्या यूएन ३४८१ खाली जातात. लहान बॅटऱ्यांना, म्हणजे १०० वॉट-तासांपर्यंतच्या, नियम सौम्य आहेत. पण फुगलेली, तापणारी किंवा सुरक्षेच्या कारणाने सदोष ठरवलेली बॅटरी विमानाने पाठवण्यास बंदी आहे. ‘चार्ज होताना गरम होतो’ अशी तक्रार लिहून तोच पंप हवाई कुरिअरने धाडणे म्हणजे मालाच्या कप्प्यात आगीचा धोका चढवणे. असे साधन असेल तर तसे आधीच सांगावे. उत्पादक जमिनीवरून नेण्याची व्यवस्था करतो किंवा वेगळे वेष्टन पाठवतो. पाऱ्याचा रक्तदाबमापक आणि दाबाखाली औषध भरलेला इन्हेलर हेही आपापल्या धोक्याच्या वर्गात जातात. सफाईची रसायनेही अडचण करतात. स्पिरिटने पुसलेले साधन ओलेच पिशवीत बंद केले तर ज्वलनशील वाफ आत कोंडते.

शरीरात बसवलेली साधने, उदाहरणार्थ पेसमेकर, सहसा रुग्ण स्वतः पाठवत नाही. ती काढणारे रुग्णालय पाठवते. त्यांच्या जतनासाठी व विश्लेषणासाठी आयएसओ १२८९१ हे वेगळे मानक आहे.

खोका भरण्याआधी उत्पादकाकडून तक्रारीचा किंवा परतीचा क्रमांक घ्यावा. तो नसलेले पार्सल गोदामात बेवारस पडते. साधनाचा अनुक्रमांक, बॅच नंबर, मूळ वेष्टन शिल्लक असल्यास तेही, आणि बिघाड केव्हा, काय करताना झाला याचे टिपण सोबत द्यावे. बरेच उत्पादक पत्ता छापलेला, डाकखर्च भरलेला संच स्वतःच पाठवतात, आणि तसाच तो मागावा. आजारी माणसाने वाहतुकीच्या नियमांचा अभ्यास करून खोके शोधत फिरावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. हे काम किती मोठे होऊ शकते ते २०२१ साली दिसले. फिलिप्स रेस्पिरॉनिक्सने आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या धोक्यामुळे लाखो सीपॅप व श्वसनयंत्रे परत बोलावली, आणि महिनोन्‌महिने रोज वापरलेली यंत्रे घराघरांतून निघाली.

उत्पादकावरची कायदेशीर मुदत पार्सल पोहोचण्याची वाट पाहत नाही. युरोपीय संघाच्या वैद्यकीय साधनांवरील २०१७/७४५ या नियमनानुसार गंभीर घटना उत्पादकाला कळल्यापासून उशिरात उशिरा १५ दिवसांत कळवावी लागते, मृत्यू किंवा प्रकृतीत अनपेक्षित गंभीर बिघाड असेल तर १० दिवसांत. अमेरिकेत सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. त्यामुळे साधन हाती नसले तरी तक्रार लगेच नोंदवावी. मात्र साधन आलेच नाही, तर तपासणी बऱ्याचदा ‘कारण निश्चित करता आले नाही’ या शेऱ्यावर थांबते.

तपासणीत साधन कापले किंवा मोडले जाऊ शकते आणि ते परत मिळेलच असे नाही. इजा झाली असेल, भरपाईचा दावा संभवत असेल, तर पाठवण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, साधनाच्या स्मृतीतील नोंदी शक्य असल्यास उतरवून घ्याव्यात, पण पुसू नयेत, आणि साधन मोडण्याआधी कळवावे अशी लेखी अट घालावी. दावा दाखल होण्याच्या बेतात असेल, तर वकिलाशी बोलल्याशिवाय साधन हातचे जाऊ देऊ नये.