आयसीयूत गाणं आलं कुठून
आयसीयूतल्या पेशंटला गाणी ऐकवतात म्हटलं की आमच्या जळगाव-धुळ्याकडे दोनच गोष्टी ऐकू येतात, एक तर हे नवीन फॅड आहे, नाहीतर हे आपल्या पूर्वजांना कधीचं माहीत होतं. मला दोन्ही अर्धवट वाटतं.

पूर्वजांचं आधी. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेलं की पुढे देवगिरी, तिथे 13व्या शतकात यादवांचा राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव होता, काम हिशेबाचं, घराणं वैद्यकी जाणणारं, आणि त्याने लिहिला 'संगीतरत्नाकर'. त्याच्या पहिल्याच अध्यायात स्वरांच्या आधी गर्भ कसा वाढतो, शरीर कसं घडतं, नाद शरीरातून कसा उठतो हे येतं. म्हणजे गाणं आणि शरीर यांचा संबंध आपल्याकडे जुनाच, पण व्हेंटिलेटरवरचा माणूस तेव्हा कुठे होता.

हॉस्पिटलच्या बाजूने बघितलं तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 च्या तिच्या नर्सिंगवरच्या पुस्तकात गोंगाटाला आजाऱ्यावरचा जुलूम म्हटलंय, आणि तिथेच लिहिलंय की माणसाचा गळा, फुंकून वाजवायची वाद्यं, तंतुवाद्यं असा सलग सूर आजाऱ्याला बरा वाटतो, पियानोचा तुटक आवाज उलटा त्रास देतो. मग 1914 मध्ये इव्हान केन नावाच्या अमेरिकन सर्जनने ऑपरेशन थिएटरमध्ये फोनोग्राफ, म्हणजे गाणी वाजवायचं जुनं यंत्र, ठेवला, भूल द्यायच्या आधी पेशंटची भीती कमी व्हावी म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलांत गाणारे-वाजवणारे जायला लागले, 1944 मध्ये अमेरिकेत मिशिगनला म्युझिक थेरपीचा, म्हणजे गाण्याने उपचार करण्याचा, डिग्री कोर्सच निघाला.

आयसीयू मात्र नंतरची गोष्ट. 1952 ला कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, बियॉर्न इब्सेन या डॉक्टरच्या सांगण्यावरून मेडिकलची पोरं पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून पेशंटला श्वास देत बसली, त्यातून पुढे आयसीयू उभं राहिलं. हाताच्या जागी मशीन आलं, मशीनसोबत अलार्म आले, नाइटिंगेल ज्याला जुलूम म्हणाली होती तोच चोवीस तास खाटेशेजारी आला.

माझे मामा व्हेंटिलेटरवर होते तेव्हा मी ते पाहिलंय. तोंडात नळी, हात बांधलेले, डोळे छताला, आणि दर थोड्या वेळाने टिंग टिंग. मोबाइल आत न्यायची परवानगी तीन दिवस मिळाली नाही. चौथ्या दिवशी एका सिस्टरने मामीला विचारलं, मामांना काय आवडतं, मामी म्हणाली, "त्यास्ले कानबाईना गाना आवडतस." कानबाई ही आमची खान्देशातली देवी, मामींनीच आदल्या श्रावणात म्हटलेली तिची गाणी फोनमध्ये होती, इअरफोन लावला आणि मामांची बेडच्या दांड्यावर घट्ट आवळलेली बोटं हळूहळू सैल झाली. एवढंच झालं, नळी काही त्यामुळे निघाली नाही, पण त्या दुपारी ते शांत झोपले.

हेच मोठ्या प्रमाणावर लिंडा च्लान ही नर्सिंगमधली संशोधक आणि तिच्या टीमने तपासलं, 2013 मध्ये ते छापून आलं. अमेरिकेतल्या मिनियापोलिस-सेंट पॉल भागातले 12 आयसीयू, 373 व्हेंटिलेटरवरचे पेशंट. एका गटाला नेहमीची सेवा, एकाला नुसते आवाज अडवणारे हेडफोन, एकाला स्वतःच्या आवडीची गाणी, वाटेल तेव्हा स्वतः लावायची. ते दिवसाला सरासरी 80 मिनिटं ऐकत होते. पाचव्या दिवसापर्यंत त्यांची घबराट नेहमीची सेवा मिळणाऱ्यांपेक्षा साधारण 36 टक्के कमी होती, झोपेची औषधंही कमी लागली, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण ती औषधं जास्त झाली की पेशंट भ्रमात जातो, व्हेंटिलेटर लांबतो.

2018 मध्ये अमेरिकेतल्या क्रिटिकल केअरच्या संघटनेने दुखणं कमी करायला पेशंटला संगीत देऊन बघा असं सुचवलं, पुरावा अजून कच्चा आहे हेही सांगून.

व्हॉट्सॲपवर अमुक आजाराला अमुक राग असे तक्ते फिरतात, पण मिनियापोलिसला कुणी तक्ता घेऊन गेलं नव्हतं, एक म्युझिक थेरपिस्ट खाटेपाशी जाऊन पेशंटलाच विचारत होती, तुम्हाला काय आवडतं. आपल्याकडे ॲडमिशनच्या वेळी ॲलर्जी विचारतात, शुगर विचारतात, तिथेच हा एक प्रश्न घरच्यांना विचारला तर उत्तर कुठे भजन येईल, कुठे आमच्याकडचं वही गायन हे लोकगाणं, कुठे जुनी सिनेमाची गाणी.