कच्चं सूत बारीक जागी तुटत नाही, जाड जागी सुटतं

मागच्या हप्त्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक रील फिरत होती. चरखा उजवीकडे फिरवला की घरात पॉझिटिव्ह एनर्जी येते, डावीकडे फिरवला की जाते, आणि ज्याच्या हाताला सूत लागत नाही त्याच्या मनातच खोट असते म्हणे. एनर्जीचं नंतर बघू, पण ते शेवटचं मला झोंबलं, कारण मागच्या वर्षी एप्रिलात टकळी (हातानं फिरवून सूत कातायची छोटी चाती) हातात घेतली तेव्हा पहिले दोन महिने माझ्या हातून वीतभर धड सूत निघालं नव्हतं. घरची पऱ्हाटी, घरचा कापूस, सरकी काढलेली, पेळू (पिंजलेल्या कापसाच्या वळकट्या) आजीनं वळून दिलेले, आणि सूत म्हणजे कुठं शेवईसारखं तर कुठं सापानं उंदीर गिळल्यासारखं. आजी ८४ वर्षांची. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, त्यातून नई तालीम, म्हणजे हातकामातून शिकवायची पद्धत, निघाली आणि पुढं कितीतरी शाळांत टकळीचा तास आला, त्या तासाला बसलेली ती पिढी. ती बघायची आणि म्हणायची, "काहून बाप्पा एवढं आवळून धरतं? वासराचं कान धरल्यावानी नोको धरू, पोराचं बोट धरल्यावानी धर."

तिचं म्हणणं बरोबर होतं, पण का बरोबर होतं हे समजायला मला बरेच दिवस लागले, आणि ते समजलं तेव्हा एवढी मजा वाटली की हा लेख त्याच्यासाठीच आहे.

आधी थोडं कापसाचं. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, लांबी दोन-तीन सेंटीमीटर, जाडी आपल्या केसाच्या पाव भागाएवढी. बोंड फुटलं की ही पेशी सुकते, पोकळ नळी चपटी होते आणि फितीसारखी स्वतःभोवती पिळली जाते. आता दोन-तीन सेंटीमीटरच्या तुकड्यांपासून शेकडो मीटर लांब सूत कसं होतं, ना डिंक ना गाठ? तर फक्त पिळामुळं. बैल खुंट्याला बांधताना दाव्याचे दोन-तीन वेढे घेतले की टोक दोन बोटांत धरलं तरी बैल हलत नाही, हे गावात पोराटोरांना माहीत असतं. त्याचं गणित भन्नाट आहे, घर्षण साधारण असेल तर एका वेढ्यात तुमच्या बोटांची ताकद साडेसहा पट होते, दोन वेढ्यांत चाळीसच्या वर आणि तीन वेढ्यांत अडीचशेच्याही वर, म्हणजे बेरीज नाही, दर वेढ्याला गुणाकार. सुतात खुंटा नसतो पण तंतूच एकमेकांना वेढे घालून बसलेले असतात, त्यामुळं सूत ओढलं की बाहेरचे तंतू आतल्यांना दाबतात, आणि जितकं ओढाल तितकी पकड घट्ट होत जाते. पीळ कमी पडला तर तंतू एकमेकांवरून सरकतात आणि सूत तुटत नाही, सुटतं. हा फरक लक्षात ठेवा.

आता माझी आवडती गोष्ट. समजा तुम्ही हातभर कच्चं सूत ओढलं, थोडाच पीळ दिला, आणि त्यात एक जागा बारीक आहे नि एक जाड. पीळ दोन्हीकडं सारखा बसेल असं वाटतं ना? नाही बसत. पिळायला जी जागा सोपी, पीळ तिकडं पळतो. सायकलची तार आणि बोटाएवढी सळई जोडून पिळा, सगळा पीळ तारेत जाईल, सळई ढिम्म हलणार नाही. भरीव सळईचा हिशोब असा आहे की जाडी निम्मी केली तर पिळायला ती १६ पट सोपी होते (जाडीचा चौथा घात, कॉलेजात मेकॅनिक्स घेतलेल्यांना आठवेल). सुतात तंतू आपसात सरकतात म्हणून एवढा मोठा फरक पडत नाही, दुसऱ्या आणि चौथ्या घाताच्या मधे कुठंतरी येतो, पण दिशा तीच. म्हणजे बारीक जागेला पीळ जास्त मिळतो, तिथले तंतू कुलूप लावल्यासारखे बसतात, आणि जाड जागा बिनपिळाची, सैल राहते.

मग अशा कच्च्या सुताला हलकेच आणखी ओढलं तर काय होईल? बारीक जागा आधीच घट्ट झालेली, ती हलत नाही. जाड जागेतले तंतू मोकळे आहेत, ते सरकतात, जाड जागा पातळ होते, आणि पातळ झाली की तिच्यातही पीळ येतो आणि तीही घट्ट होते. म्हणजे सूत स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करतं! तुम्ही फक्त ओढत राहायचं, पुरता पीळ द्यायच्या आधी. १७७९ च्या सुमारास इंग्लंडात सॅम्युअल क्रॉम्प्टननं म्यूल नावाचं कताईयंत्र बनवलं, त्यातली चात्या बसवलेली गाडी मागं सरकताना सूत जेवढं पुरवलं जाई त्याहून थोडं जास्त ओढायची, कारण हेच.

आणि मी काय करत होतो? जाड गुठळी दिसली की घाबरून थांबायचो, चिमटीत गच्च धरायचो आणि टकळी आणखी फिरवायचो, की बाबा आता पक्कं होऊ दे. त्यानं पीळ अडायचा, चिमटी सोडली की एकदम पेळूत चढायचा आणि पुढचा अख्खा कापूसच दोरखंडासारखा गोळा व्हायचा. मग एवढा पीळ झाला की सूत सैल सोडताच स्वतःभोवती वेटोळी घालायचं. पीळ वाढवला की सूत मजबूत होतं ते एका हद्दीपर्यंतच, त्यानंतर तंतू इतके तिरपे होतात की ओढ सरळ त्यांच्या लांबीत येत नाही आणि सूत उलट कमजोर होतं. १६ नंबरच्या सुताला इंचाला साधारण १६ पीळ लागतात (नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी भरतात तो आकडा, आणि इंचाचे पीळ म्हणजे त्या नंबरच्या वर्गमुळाच्या साधारण चौपट). मी बहुतेक याच्या दुप्पट भरत असेन.

एक अट आहे. गुठळी तंतूच्या लांबीपेक्षा आखूड असेल, म्हणजे कच्च्या बोंडातले गुंतलेले तंतू किंवा नीट न पिंजलेला कापूस, तर ती कितीही ओढली तरी सुटत नाही. ती चूक पिंजण्यातली आहे, ती कातण्यात निघत नाही, तिथं तोडून सांधा द्यायचा. सांध्याला गाठ मारू नका, सुताचं टोक थोडं उकलून पेळूच्या तंतूंवर टेकवा आणि पीळ येऊ द्या.

शिवाय मिलचं सूतही शंभर टक्के एकसारखं नसतंच. १६ नंबरच्या सुताच्या काट-छेदात साधारण दोनशे तंतू असतात, आणि तंतूंची टोकं कुठं यावी हे कोणी ठरवत नाही, त्यामुळं कुठं एकशे पंच्याऐंशी तर कुठं दोनशे पंधरा येतातच. दोनशेचं वर्गमूळ चौदा, म्हणजे सात टक्के चढउतार हा यंत्रानं कितीही नीट कातलं तरी राहणारच. १९४५ साली मार्टिंडेल नावाच्या संशोधकानं हे मांडलं. माझं सूत सत्तर टक्के वरखाली होतं ते वेगळं.

श्रावणात एकदम जमायला लागलं. मी खूश, हात बसला म्हणून. बसलाही असेल, चूक झाली की मेंदू अंदाज आणि स्पर्शातला फरक नोंदवत जातो आणि बोटं न सांगता सैल व्हायला शिकतात. पण अर्धं श्रेय हवेचं आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्या इकडं पारा पंचेचाळीसच्या वर, हवेत ओल नाही, आणि कापूस ओलाव्यानं मजबूत होतो, वाळला की ठिसूळ होतो आणि घासून विजेनं फुगतो. म्हणून तर मिलांना हवेत पाणी फवारावं लागतं, नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली तिथंही हा नागपुरी उन्हाळा होताच. तेव्हा मे महिन्यात शिकायला घेऊ नका, घेतलंच तर ओलं फडकं जवळ ठेवा. आणि टकळी लोंबकळू देऊ नका, वाटीत टेकवा, कच्च्या सुताला तिचं वजन पेलत नाही.

राहिली एनर्जी. उजवा पीळ आणि डावा पीळ एकमेकांचे आरशातले भाऊ आहेत, ताकद अगदी सारखी. जुन्या काळी इजिप्तचे लोक जवसाच्या खोडातल्या तंतूंचं सूत डावीकडं पिळत कारण तो तंतू सुकताना तसाच वळतो, आपल्याकडं कापूस बहुतेक उलट दिशेनं पिळला जातो. आणि कापसाचा तंतू? तो एकाच तंतूत कधी उजवीकडं पिळतो, कधी डावीकडं, मधेच दिशा बदलतो. त्याला कुठली एनर्जी घरात आणायची हे कापसालाच ठरवता आलेलं नाही.

माझं पहिलं दोन महिन्यांचं ते ढिल्लं-गुठळ्यांचं सूत मी टाकून देणार होतो, आजीनं देवाच्या वातींना ठेवलं. जिथं पीळ कमी पडला होता तिथं तंतूंमधे फटी राहतात, तेल सरसर चढतं, वात छान जळते. मागच्या महिन्यात ते संपलं. आता ती म्हणते, तसंच सूत थोडं कातून दे, हे नवं वातीले नाई चालत. गेले चार दिवस बसतोय, तसं जमतच नाही.